किटल्यांचा शिल्पकार

आयुष्यभर कॉफीच्या किटल्या बनवल्या आणि स्वतःला शिल्पकार म्हणवून घेतलं, असा एकच माणूस मी पाहिला. नावाआधी तो ‘आर्टिस्ट’ सांगायचा, त्यामुळे नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. लढाईनंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं. तेव्हा अम्गऱ्यातल्या फॅब्रिकेशन यार्डात मी नाशिकहून इंजिनियर म्हणून आलो आणि हे ध्यान कोरियातून आलं.

तिथे चौकात माणसाचा पुतळा सहसा कोणी उभारत नाही. शिंपला, गलबत, नाहीतर दल्ला, म्हणजे लांब चोचीची अरबी किटली. याच्या वाट्याला बहुतेक किटल्याच आल्या, पण मिजास बघावी. हिंदी, इंग्रजी आणि अरबीची खिचडी करून मला सांगायचा, “ही किटली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली बाई आहे.” मी म्हणायचो, “बाबा रे, ही बाई गुरुवारपर्यंत ट्रकवर चढव.” चढली तर शपथ.

कारण त्याच्या हातात कायम एक छोटी हातोडी असे. वेल्डिंग झालं की टकटक करायची, कान लावायचा, “नॉट फिनिश” म्हणायचं आणि पुन्हा सगळं घासायला लावायचं. आमचा दापोलीचा वेल्डर हसनभाई कपाळाला हात लावी. “साहेब, पत्र्याला ताप आलाय काय, हा येवढा तपासतो तो?” बिलाची तारीख उलटून जायची आणि मालकाच्या शिव्या मी खायचो.

त्याचं दुसरं रडगाणं नावाचं. किटलीखालच्या पाटीवर कंत्राटदाराचं नाव असायचं, याचं कुठेच नाही. हा फोटो काढून मुलीला कोरियात पाठवायचा आणि ती फोनवर विचारायची, बाबा, यात तुझं नाव कुठे आहे? हे त्याने जेवताना मला इतक्या वेळा ऐकवलं की घास कडू व्हायचा. आमच्याकडे विहिरी खोदणाऱ्यांनी कधी नावं लावली नाहीत, आणि याला किटलीवर नाव पाहिजे.

मग एकदा त्याचं नशीब उघडलं. बनेद अल-गारमधल्या एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थाने आपल्या दिवाणियाच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या दारात कारंजं सांगितलं. उंच दल्ल्यातून पाणी पडतंय, खाली मोठा कप. वर म्हणाला, “कपावर तुझं नाव घाल.” आर्टिस्ट हवेत. कपाच्या बुडाशी त्याने स्वतःच्या लिपीत नाव स्वतः कोरलं, कुणाला हात लावू दिला नाही.

पाणी सोडलं. कप भरला आणि चारी बाजूंनी वाहू लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हातारा मात्र बघतच राहिला आणि हळूच म्हणाला, “माझ्या पाहुण्यांना दारातूनच हाकलतोस?”

तिथे कॉफी तळाशी घोटभर ओततात, संपली की पुन्हा ओततात. काठोकाठ कप दिला म्हणजे प्या आणि निघा. एवढी वर्षं मी ती घोटभर कॉफी पीत होतो आणि म्हणत होतो, काय कवडीचुंबक लोक आहेत. याच्या देशात तर पाहुण्याचा कप काठापर्यंत भरायचा. आमच्याकडेही अर्धा कप चहा दिला तर पाहुणा गावभर सांगत फिरेल. तेव्हा यार्डात कुणाच्या डोक्यात शंका येणार?

दुरुस्ती किरकोळ होती. कपाला खाली एक भोक पाडायचं, की पाणी वर चढत नाही. पण आर्टिस्ट हटून बसला. “पाहुण्याला घोटभर मी देणार नाही.” मी त्याला हेकट म्हणालो, बिनडोक म्हणालो. म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं, शुक्रवारी लोक येतील, तोवर बदला नाहीतर उचलून न्या.

आदल्या दिवशी तो माझ्याबरोबर गेला आणि त्याने भोक पाडलं. तेही नीट, कडा घासून. पाणी तळाशी थांबलं, म्हातारा खूश झाला. आणि या शहाण्याने तोच ग्राइंडर कपाच्या बुडाला लावला आणि आपलं नाव घासून टाकलं.

“अरे, हे कशाला?” मी ओरडलो.

“दल्ला माझा,” तो म्हणाला. “कप माझा नाही.”

मुलीला आता काय दाखवणार आहेस रे गाढवा, असं मी मराठीत बोललो, त्याला कळू नये म्हणून.

काही महिन्यांनी तो कायमचा परत निघाला. यार्डात निरोप घ्यायला आला, तर मी थर्मासमधून चहा ओतला, हाताच्या सवयीने, अगदी काठोकाठ. तो कपाकडे बघत राहिला.

“कुवेती की कोरियन?” त्याने विचारलं.

“नाशिकचा आहे. पी गुपचूप.”

कप उचलला असता तर सांडला असता, म्हणून त्याने टेबलावर वाकून पहिला घोट तसाच ओढला. मग खिशातून हातोडी काढली, कपाच्या कडेवर हलकेच टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, “फिनिश.”