व्हर्नाची बारा सेकंदं

कॅनडातल्या यॉर्कटनच्या स्केटिंग रिंकवर कॅन्टीनमधल्या पेरोगींबरोबर, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांबरोबर, एक कुजबुजही वाढली जात होती: स्कूलबस चालवणारी व्हर्ना ह्रित्साक स्केटिंगच्या स्पर्धेत मधेच सगळं विसरली आणि घाबरून, एक पाय मागे उचलून, बर्फावरून नुसती घसरत राहिली. "बावन्नाव्या वर्षी दुसरं काय होणार!" ही पुस्ती डॅरिलची. हा गृहस्थ स्वतः बर्फ सारखा करायचं यंत्र घेतल्याशिवाय कधी रिंकवर उतरला नाही.

प्रौढांच्या गटात व्हर्ना अकरा वर्षं चौथी नाहीतर पाचवी येत होती. पदक एकही नाही. यंदा केल्सीनं गणित मांडलं. केल्सी तिची प्रशिक्षक. वय सव्वीस, लहानपणी व्हर्नाच्याच बसनं शाळेत गेलेली.

"तिसरी गिरकी घाला. खाली बसून दोन फेरे, पाय पकडून दोन फेरे, की लेव्हल वाढली, गुण वाढले. ब्राँझ तुमचंच."

"आणि माझी ती लांब घसरण?"

"काढायची. तिला गुण नाहीत. बारा सेकंदं फुकट."

"फुकट? अगं कार्टे, अख्ख्या गाण्यात तेवढंच तर नाचल्यासारखं वाटतं! अ‍ॅकॉर्डियन रडतंय आणि मी आपली ओठ हलवत फेरे मोजतेय. व्हिडिओत बघ, पाढे घोकणारी दुसरीतली पोर दिसते."

"सगळ्याच मोजतात."

"म्हणून सगळ्या सारख्याच दिसतात."

"पदक नकोय का तुम्हाला?"

"हवंय की! भिंतीत खिळासुद्धा ठोकलाय. सध्या त्याला नवऱ्याची टोपी लटकते."

महिनाभर तिनं गिरकी घोटली. गुडघे बोलायला लागले, पण गिरकी बसली. सरावात तर दहापैकी नऊ वेळा चोख.

स्पर्धेत दोन गिरक्या झाल्या, तिसरीची जागा आली. कठड्यापाशी केल्सी ओरडली, "बसा! खाली बसा!" तिच्या मागे उभे असलेले दोन आजोबा निमूट बसले. व्हर्नानं मात्र पाय मागे उचलला, हात पसरले आणि अ‍ॅकॉर्डियनच्या लांब सुरावर रिंकचं एक टोक सोडून दुसरं गाठलं. ओठ मिटलेले. बाकांवर घोंगड्यांत गुरफटलेल्या बायका पेरोगी चघळायच्या थांबल्या.

निकाल: चौथी. ब्राँझ सहा दशांशांनी गेलं.

"सहा दशांश!" केल्सीला रडू फुटलं. "त्या गिरकीचा दीड गुण तरी मिळाला असता!"

"मला बेरीज येते, बाळ. चल, कॉफी घेऊ."

व्हर्ना काहीही विसरली नव्हती. गिरकी तिला येत होती. तिनं ती घेतली नाही.