चाकांवरची वहिनी

वहिनी पडली की आधी रस्त्याला शिवी हासडायची आणि मग गुडघा बघायची. शिव्या साध्याच, मिरजेच्या मंडईत ऐकू येतील अशा, पण एवढ्या ठसक्यात द्यायची की आम्ही पोरी आमची खरचटलेली कोपरं विसरून हसत सुटायचो. स्पीड स्केटिंगमध्ये पडणं रोजचंच. पायात एका रांगेतली चाकं चढवायची, कमरेत निम्मं वाकायचं आणि सिमेंटच्या गोलावर जीव खाऊन पळायचं, म्हणजे कातडं जाणारच. "पोरीच्या जातीनं गुडघं राखावंत गं," असं तिची आई म्हणायची. वहिनीचं उत्तर ठरलेलं होतं, "गुडघं काय दागिना हाय व्हय, पेटीत ठिवायला?"

लग्नाआधी आम्ही तिला नावानंच हाक मारायचो. लग्नानंतर महिन्याभरात ती परत मैदानावर आली, मंगळसूत्र टी-शर्टच्या आत खोचून. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "वहिनी आल्या." तेच नाव चिकटलं. आमच्याकडं लग्न झालं की मुलीचा खेळ संपतो. हे इतकं गृहीत असतं की बंदी घालायचीही कुणी तसदी घेत नाही. मुलगी आपणच आपले स्केट्स कुणाला तरी देऊन टाकते. वहिनीनं दिले नाहीत. "माजा नवरा फौजेत हाय," ती म्हणायची. "लगीन झालं, आता बंदूक ठेव, असं त्याला कोण म्हणालं का?"

सासर आष्ट्याजवळच्या एका मळ्यात होतं. चारी बाजूंनी ऊस. मिरजेला यायला फक्त रविवारी जमायचं, म्हणून बाकीचे दिवस ती कारखान्याकडं जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर सराव करायची. शेतात जाताना बायका साडीवर घरातल्या पुरुषाचा फुल शर्ट चढवतात ना, तसा नवऱ्याचा शर्ट ट्रॅक पँटवर घालून ती निघायची. गळीत हंगामात ट्रॉल्यांतून सांडलेलं पाचट चाकांत अडकतं. म्हणून ती आधी खराट्यानं रस्ता झाडायची आणि मग पळायची. फौजीची बायको रस्ता झाडते, अशी गावभर चर्चा. एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवून दात काढले, तर वहिनीनं खराटाच त्याच्यापुढं धरला. "सांडलंय तुज्या ट्रॉलीतनं. मी का झाडू? उतर खाली." तो उतरला नाही, पण पुन्हा दात काढल्याचं मी ऐकलं नाही.

तिच्या सासऱ्यांना शर्यतीच्या बैलांचं भारी वेड. घरी राघू नावाचा बैल होता आणि त्याचा थाट जावयासारखा. त्याला दूध, उडदाचं पीठ, गावठी अंडी. शर्यतीत तिसरा आला तरी गुलाल उधळत वरात निघायची. वहिनीनं काय करावं? राघूच्या वाट्यातली दोन अंडी रोज उकडून स्वतः खायला सुरुवात केली. सासऱ्यांनी पकडलं तेव्हा ही म्हणते कशी, "मामा, तो बी पळतोय, मी बी पळतीया. त्याला अंडी आन मला शिळी भाकरी, असं कसं?"

सासरे वाईट माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. पण पाव्हण्यारावळ्यांनी त्यांचे कान भरले होते. सून अर्ध्या चड्डीत शर्यती लावते, असं चावडीवर बोललं जाऊ लागलं. एक दिवस मी मळ्यात गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी निकाल लावून टाकला. साताऱ्याला राज्याच्या संघाची निवड होती. "ह्या खेपंला निवड झाली तर फुडं बघू. न्हाईतर चाकं माळ्यावर," ते म्हणाले. वहिनी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

साताऱ्याला मी तिच्याबरोबर गेले. मी आधीच्या फेरीतच गळाले. वहिनी शेवटच्या शर्यतीत पोहोचली. बाकीच्या सगळ्या शाळकरी वयाच्या, हिच्यापेक्षा चांगल्या पाचसहा वर्षांनी लहान. संघात तिघींनाच घेणार होते. शेवटच्या वळणापर्यंत वहिनी तिसरी होती. मग एक पोरगी बाहेरच्या बाजूनं आली आणि हिला मागं टाकून गेली. ढकलाढकली नाही, घसरणं नाही. ती पोरगी जास्त जोरात पळाली, एवढंच. वहिनी चौथी आली.

परतीच्या एसटीत कराडपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला राहवेना. "सासऱ्यांना सांगू या का, की कुणीतरी धक्का दिला म्हणून?"

तिनं असं बघितलं की मला सीटखाली जावंसं वाटलं. "चौथी आलीया ती माज्या पायानं आलीया. धक्क्यानं न्हाई."

मळ्यात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सासरे अंगणातच होते.

"कितवी?"

"चौथी."

"किती घेत्यात?"

"तिगी."

त्यांनी मान हलवली, अंगणातल्या चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि घमेल्यात कढत पाणी ओतलं. वर मूठभर मीठ टाकलं. "बस हितं. पाय घाल." मी बघतच राहिले, तसे ते मला समजावू लागले, "शर्यतीवरनं आल्यालं जनावर हारूं दे न्हाईतर जिकूं दे, आदी त्याचं पाय शेकायचं. मग घरच्यांनी जेवायचं." घरात सकाळपासून कुणी जेवलेलं नव्हतं.

दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. मी तर विरघळलेच होते. वहिनी घमेल्यापाशी बसली, पण पाय बाहेरच ठेवून. "मामा, आदी सांगा. चाकं माळ्यावर ठिवायची का?"

"पाणी निवतंय, पोरी."

"निवूं दे."

सासू दारातून म्हणाली, "आवं, सांगून टाका की. भाकरी बी निवल्या."

सासऱ्यांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं. "जा फुडच्या साली. पर..."

"पर न्हाई, मामा."

सासऱ्यांनी ओलं बोट धोतराला पुसलं. शेवटी ते म्हणाले, "बरं. पर न्हाई." तेव्हा कुठं तिनं पाय पाण्यात घातले, आणि ओठ दाबून रडली. सासरे उठून गोठ्यात गेले. मला त्या घराचा असा अभिमान वाटला, जणू ते माझंच माहेर असावं.

आता नवऱ्याच्या बदलीमुळं वहिनी लांब राहते आणि मी साताऱ्यात पोरींना स्केटिंग शिकवते. नंबर आला नाही म्हणून मुलीचा क्लास बंद करायला आलेल्या पालकांना मी ही हकीकत ऐकवते. ते खूश होतात आणि हमखास विचारतात, "मग पुढच्या वर्षी झाली असेल निवड?"

नाही झाली. पुढच्या वर्षी वहिनी पाचवी आली. आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा पाणी चुलीवर उकळत होतं.