सुमन सिस्टरचं आडनाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माधवीला — माझ्या बायकोला — सुद्धा नाही, आणि तिच्यापासून लपवलेलं माझ्याकडे दुसरं काही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी मूळचा नागपूरचा. पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. केली आणि दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत वर्क व्हिसावर इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आलो. बिझनेस पार्कमधली छोटीशी कंपनी, काम आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांसाठी आकडेवारीचं. तिथली आमची सीनियर हेलन दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत केंब्रिजला एक कोर्स घ्यायची. विद्यार्थी घरी गेलेले असत, कॉलेजच्या खोल्या भाड्याने मिळत. मलावी, झांबिया, घाना अशा देशांतले जिल्हा आरोग्य अधिकारी दोन आठवडे येत. विषय असायचा कामगिरीवर आधारित निधी. म्हणजे दवाखान्याला आधीच रक्कम देऊन मोकळं व्हायचं नाही. किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती मुलांना लस मिळाली, ते मोजायचं आणि त्याप्रमाणे द्यायचं. मोजायचं कसं, तेवढं मी शिकवायचो.

एका वर्षी हेलनची पाठ धरली ती धरलीच. अख्खा कोर्स माझ्या गळ्यात आला.

माझ्या बॅजवर नावाआधी ‘डॉ.’ होतं. सगळे मला औषधवाला डॉक्टर समजले. मी ते दुरुस्त केलं नाही — पण खरं सांगू, तोवर ते खोटं वाटतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मलावीच्या एस्थरबाईंनी हात वर केला. पन्नाशीच्या, वीस वर्षं नर्स असलेल्या, आता एका जिल्ह्याच्या अधिकारी. चॅरिटी शॉपमधून जुना घेतलेला जाड कोट त्या वर्गातही काढत नसत.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “तक्ते कळले. पण तुमच्या गावी, तुमच्या दवाखान्यात हे प्रत्यक्षात कसं झालं?”

‘मी तो डॉक्टर नाही.’ चार शब्द. मी प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून. पण सकाळपासून माझ्या तक्त्यांनी पेंगुळलेले वीस चेहरे पहिल्यांदा वर झाले होते. आणि मी म्हणालो, “आमच्याकडे एक सुमन सिस्टर होती.”

कुठून आलं ते नाव? मी पुष्कळ शोधलं. आमच्या घरात, शाळेत, शेजारी कुणी सुमन नव्हती.

मी सांगत गेलो. सुमन सिस्टर गावोगाव पायी फिरायची. सुईणी तिच्यावर चिडून असत, कारण बायका दवाखान्यात गेल्या तर त्यांचं काम जायचं. म्हणून तिने काय केलं? बाई दवाखान्यात आणणाऱ्या सुईणीला मिळालेल्या निधीतला वाटा दिला. भांडण मिटलं, आकडे चढले. एस्थरबाई वहीत उतरवून घेत होत्या. मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन त्या माझ्याकडे आल्या. सिस्टर फिरतीवर गेली की दवाखाना कोण बघायचं? नवरा काय म्हणायचा? सायकल का नाही वापरली? मी उत्तरं देत होतो — सायकल यायचीच नाही तिला, एकदा शिकताना पडली होती — आणि माझं मलाच कुतूहल वाटत होतं, की आता मी पुढे काय सांगणार? भीती नव्हती वाटत. मजा येत होती. हे लिहायला जड जातंय, पण मजाच येत होती.

कोर्स संपला, माणसं आपापल्या देशांत गेली. मला वाटलं, सुमन सिस्टरही गेली.

वर्षभराने एस्थरबाईंचा ईमेल आला. त्यांनी जिल्ह्यात सुमन सिस्टरची पद्धत सुरू केली होती. आकडे खरंच वाढले होते. पण पावसाळ्यात नदीपलीकडच्या गावात एक बाई अडली. दवाखान्यात आणणं शक्य नव्हतं. सुईण दोन घरं सोडून राहायची. ती गेली नाही. घरच्या बाळंतपणाचा वाटा मिळत नाही, आणि काही बिघडलं तर दोष आपल्यावर येतो, म्हणाली. ती बाई गेली. चिकोंडी तिचं नाव. एस्थरबाईंनी नाव लिहिलं होतं, बाळ वाचल्याचंही लिहिलं होतं. मला एका शब्दाने बोल लावला नव्हता. फक्त विचारलं होतं — असं सुमन सिस्टरच्या वेळी नक्कीच झालं असणार. तेव्हा तिने काय केलं? कृपा करून तिला विचाराल का?

पंधरा दिवस मी उत्तर दिलं नाही. रोज ऑफिसला जाताना वाटायचं, आज लिहू — की अशी कुणी नाही, मी बनवून सांगितलं, तुमची पद्धत कुठेच कधी तपासलेली नाही. अजूनही वेळ होता, हे मला कळत होतं. दुसऱ्या गावात दुसरी सुईण तशीच घरात बसून राहू शकली असती. मग मी लिहिलं, की सुमन सिस्टर गेल्या वर्षी वारली. फार वाईट वाटतं, पण आता विचारता येणार नाही.

किती सोपं होतं ते! तीन ओळी.

एस्थरबाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यांच्या नर्सेसनी दवाखान्यात जमून सुमन सिस्टरसाठी प्रार्थना म्हटली होती.

पुढचं सगळं त्या बाईने स्वतःच्या डोक्याने केलं. सुईणींना बोलावलं, त्यांचं ऐकून घेतलं. घरी अडलेल्या बाईकडे जाणंही मोजायचं ठरवलं. दवाखान्याशेजारी विटांची दोन खोल्यांची जागा बांधली, म्हणजे लांबच्या बायकांना दिवस भरत आले की आधीच येऊन राहता येईल. फोटो पाठवला. दारावर निळ्या रंगाने ‘सुमन’ लिहिलं होतं. खाली एस्थरबाईंची ओळ: ‘तिने हेच केलं असतं ना?’

तो फोटो मी माझ्या डेस्कवर लावला. माधवी एकदा मला ऑफिसमधून घ्यायला आली तेव्हा तिने पाहिला.

“ही सुमन कोण रे?”

“होती एक सिस्टर. गावाकडची.”

“तू कधी गावाकडे होतास?” ती हसली आणि गाडीच्या चाव्या शोधायला लागली. मीही हसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. पुढच्या ईस्टरला तो फोटो माझ्या स्लाइड्समध्ये आला. नागपूरजवळच्या एका साध्या नर्सची कल्पना आफ्रिकेत कशी पोहोचली, अशी गोष्ट मी दरवर्षी सांगायला लागलो. लोक उठून टाळ्या वाजवायचे. हेलन रिटायर झाली तेव्हा तिची जागा मला मिळाली. ‘प्रत्यक्ष अनुभवातून शिकवतो’ असं तिनेच शिफारशीत लिहिलं होतं. चिकोंडी माझ्या एकाही स्लाइडवर नव्हती. मी तिला काढलं होतं असं नाही — मी तिला कधी घातलंच नाही. तिच्या वाचलेल्या बाळाचं काय झालं, हे मला विचारावंसं वाटलं नाही? वाटलं. अनेकदा. विचारलं असतं तर एस्थरबाईंनी सविस्तर कळवलं असतं, म्हणूनच नाही विचारलं.

एस्थरबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याचा ईमेल आला. जागा वाढवून आता वीस खाटांची केली होती, आणि भिंतीवर पितळी पाटी लावायची होती. मॅडमनी जाताना आवर्जून सांगितलंय, त्याने लिहिलं होतं, की पाटीवर सिस्टरचं पूर्ण नाव आणि जन्मसाल यायला हवं. आपल्याकडे असेल तर कळवावं.

मी दुपारभर बसलो. एक आडनाव निवडलं, मग ते बदललं. जन्मसाल ठरवताना ती निवृत्तीच्या वयाआधीच वारली असेल असा हिशोब केला. आणि पाठवून दिलं.

महिन्याभराने पाटीचा फोटो आला. मी तो मोठा करून पाहिला. स्पेलिंग बरोबर होतं.