परातीवरचं नाव

मी चौथीपर्यंत शिकले. कचेरीत बोलायची वेळ आली की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून जे बोलायचं ते मी घरीच कागदावर लिहून नेते आणि खिडकीतून कागद पुढं करते. लोक हसतात. हसू देत. अशाच एका कागदावर मी आईचं घर शोधलं. ते कसं शोधलं हे विसरू नये म्हणून ही वही.

आईचं माहेर जालना रोडला, करमाडच्या पुढं. तिथं मामांच्या घराला लागून दोन खोल्या आहेत. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पुढं ओटा. माझे वडील लवकर गेले, तेव्हा आई मला घेऊन तिथं येऊन राहिली. त्या खोल्या आजोबांनी तिलाच दिल्यात, हे सगळी गल्ली सांगायची. कागद मात्र कुणी पाहिला नव्हता, आणि मामा होते तोवर तो लागलाही नाही. पुढं आईचे गुडघे धरले, म्हणून मी तिला मुकुंदवाडीला माझ्याकडं आणलं. मग मामा गेले. ह्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो तर आईच्या दाराला दुसरंच कुलूप.

मामेभाऊ शेजारच्या दारातून बाहेर आला. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं, आणि मग उभ्यानंच बोलला.

"आत्या, मी भांडत नाय. पण हे सगळं पाडून मला भाड्याच्या खोल्या काढायच्यात. शेंद्र्याच्या कंपनीतली लई पोरं जागा धुंडतेत."

"माझ्या खोल्या पाडून?"

"तुझ्या कशा? मी पंचायतीत सगळं बघून आलो. तुझं नाव कुठंच नाय. कागद दाखव, एका इटंला हात लावत नाय. पुढच्या महिन्यात काम सुरू करायचंय."

आई खुर्चीच्या हाताला धरून उठली. परत येताना काळीपिवळीत ती गुडघा चोळत बसली होती. करमाड गेल्यावर म्हणाली, "गुडघा बरा झाला की मी जाणारच व्हते की तिथं." तेवढंच. माझ्याकडं दोन वर्षं राहूनही तिची एक पेटी कायम भरलेली का असते, ते मला तेव्हा कळलं.

मी सिडकोत दोन घरी पोळ्या करते. त्यातल्या एका घरच्या बाई वकील आहेत. आठवडाभर मी त्यांना विचारू विचारू म्हणत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "आज पोळ्यांत मीठ नाही. काय झालं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नावानं सापडत नसेल तर जागेनं शोधा. पंचायतीची जुनी नोंदवही मागा, घरपट्टीची. तुमच्या गल्लीचं पान वाचा. अर्ज मी सांगते, तुम्ही लिहा." मी पोळपाटाशेजारीच बसून तो लिहिला. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा चांगला झाला.

पंचायतीतला कारकून गावचाच. सुपारी चघळत त्यानं माझा कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला, "'गल्लीची जुनी कर आकारणी नोंदवही बघायची आहे. नोंद सापडल्यास नक्कल पाहिजे. अर्जाला तिकीट लावले आहे.' अगं बाबो! तिकीट बी? ताई, वकिलाच्या घरी काम करता का काय?"

मी खरंच वकिलाच्या घरी काम करते, पण ते सांगायला तोंड उघडलं नाही.

त्यानं आधी कॉम्प्युटरवर आईचं नाव घातलं. "नाय. तुमचा भाऊ बी हेच बघून गेला." मी कागदावरच्या 'जुनी' ह्या शब्दावर बोट ठेवलं. तो उठला, कपाटातून फडक्यात बांधलेली एक वही काढली, टेबलावर आपटली, आणि धूळ उडाल्यावर मलाच विचारलं, "शिक्षण किती?"

"चौथी."

"मग टाइम लागंल."

"लागू द्या," मी म्हणाले. कचेरीत मी मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

वहीत अक्षर बारीक, शाई तपकिरी झालेली. मी प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचत गेले. पहिल्या पानाला काही उमजेना. मग लक्षात आलं की हे लिहिणारा माणूस गल्लीतून चालत गेलाय. विहार, त्याला लागून बँडवाल्यांचं घर, मग दोन भावांची आडव्या पडवीची घरं, मग कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. लहानपणी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन मी ह्याच रस्त्यानं गेलेली. मला आता नुसती अक्षरं वाचायची नव्हती, रस्ता ओळखायचा होता, आणि रस्ता मला पाठ होता. पुढचं घर कुणाचं येणार हे मी मनात आधी म्हणायची आणि बोट खाली सरकवलं की तेच निघायचं.

मामांचं घर आलं. त्यांचं नाव, पुढं आजोबांचं नाव, आडनाव. बोट एक ओळ खाली घेतलं. 'दगडमातीच्या दोन खोल्या, पुढे ओटा.' आणि मालकाच्या रकान्यात एका बाईचं नाव.

ते नाव मी ओळखत होते. ते माझ्या वडिलांच्या आईचं, माझ्या आजीचं नाव. पण त्याच्यापुढं बापाचं नाव म्हणून आईच्या वडिलांचं नाव होतं. माझी आजी तर ह्या गावची नव्हेच. ह्या गावात तिचं पाऊलसुद्धा क्वचित पडलं असेल. मी ती ओळ चारदा वाचली. कारकून म्हणाला, "काय, सापडलं का?" मी नुसतं थांबा म्हणून हात केला, बाहेर गेले आणि आईला फोन लावला.

"आई, आपली आजी तुमच्या गावच्या वहीत कशी? तिच्या नावापुढं तुझ्या वडिलांचं नाव कसं?"

पलीकडं नळ बंद केल्याचा आवाज आला.

"ती तुझी आजी नव्हं," आई म्हणाली. "मी हाय ती."

तिचं आणि तिच्या सासूचं नाव एकच होतं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, म्हणून लग्नात तिचं नाव बदललं. आणि सासूचं नाव सुनेनं तोंडात घ्यायचं नाही. त्यामुळं स्वतःचं पहिलं नाव आईनं त्या दिवसापासून उच्चारलंच नव्हतं. माहेरी तर तिला सगळे आक्काच म्हणत, नोंदवहीत मात्र आजोबांनी तिचं खरं नाव घातलं होतं. तिच्या भाच्याला ते नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तिची एकुलती एक मुलगी.

"अगं, मग सांगितलं का नाही? आपण दुसऱ्याच नावानं शोधत बसलो."

"ते नाव कुठं राहिलंय आता, असं वाटलं मला."

फोन ठेवताना मला घरातली पितळेची परात आठवली. तिच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी तेच नाव कोरलंय. लहानपणापासून मी ती चिंच लावून घासली आणि दर वेळी वाटायचं, ही आजीची परात. आईनं कधी खोडून काढलं नाही.

आत जाऊन मी कारकुनाला ते नाव सांगितलं. त्यानं ते कॉम्प्युटरवर घातलं आणि खुर्ची पुढं ओढली. "हाय की! आजून तसंच हाय. दोन खोल्या, ओटा, समदं हाय." मग सुपारी थुंकून आला आणि नक्कल काढून, शिक्का मारून, दोन्ही हातांनी दिली.

पुढच्या रविवारी मी आणि आई परात फडक्यात गुंडाळून गावी गेलो. मी मामेभावाला नावाचा घोळ सांगितला. त्यानं नक्कल दोनदा वाचली.

"ताई, हे नाव तर आत्याच्या सासूचं म्हणतेस तू. मग ही आत्याच कशावरून?"

शंका रास्त होती. मी फडकं सोडून परात ओट्यावर ठेवली. त्यानं काठावरून बोट फिरवलं. मग आत गेला, आणि आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आला तो त्याच घडणीची दुसरी परात घेऊन. तिच्यावर तसल्याच ठिपक्यांत मामांचं नाव. आजोबांनी जालन्याहून दोन पराती आणल्या होत्या, एक लेकीच्या लग्नात द्यायला, एक घरात.

त्यानं दोन्ही पराती शेजारी शेजारी ठेवल्या.

"आमच्याकडं हिच्यात पीठ मळतेत रोज," तो म्हणाला. "एवढं चांगलं नाव बदललं कशाला, आत्या?"

"मला इचारून बदललं व्हतं का?" आई म्हणाली.

दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा जबाब ग्रामसेवकासमोर द्यायचा होता. मामेभाऊ पंच म्हणून स्वतः आला. आम्ही त्याला बोलावलं नव्हतं. खोलीत चारपाच माणसं होती. ग्रामसेवकानं पेन उघडलं आणि विचारलं, "आजी, लग्नाआधीचं नाव काय तुमचं?"

आईची मान खाली गेली. मला वाटलं, ती बोलणार नाही. सवयीनं मी कागदावर ते नाव लिहून आणलंच होतं. मी कागद पुढं केला. आईनं माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही मोठ्यानं सांगितली. ग्रामसेवकाला ऐकू गेलं होतं, तरी तिनं पुन्हा एकदा सांगितलं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते सांगायचं तर आईनं सांगावं.

मामेभावानं सही केली. बाहेर पायऱ्यांवर त्यानं खिशातून किल्ली काढून आईच्या हातात ठेवली. "जुनं कुलूप मोडलं, आत्या. हे नवंच हाय."

आईनं किल्ली उलटीपालटी करून पाहिली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"बरं झालं," ती म्हणाली. "जुनं लई अडकायचं."

त्या दिवशी ती माझ्याबरोबर परत आली, ती फक्त पेटी न्यायला.