आवडाबाईंची चूल

काशीदला माझ्या दुकानाला लागूनच आवडाबाईंची खानावळ आहे. समुद्रात डुंबून माणसं भुकेने कासावीस होऊन बाहेर येतात आणि त्यांना बाईंच्या हातची तांदळाची भाकरी लागते. बाहेर मोठी पाटी होती, 'चुलीवरचं जेवण'. बाईंचं तोंडही चुलीइतकंच गरम. ताटात भात टाकला तर गिऱ्हाईक पुण्याचं असो की मुंबईचं, त्याला ऐकून घ्यावंच लागतं. मला ही बाई मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाई आडव्या झाल्या. ऑक्सिजनवर राहून दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा ओटीवरून मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरून धरून जात. घरी सोडताना गर्दीगडबडीत कुणीतरी त्यांच्या हातात प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक छोटा चेंडू, आणि तोंडात धरायला एक लवचीक नळी. "चेंडू वर गेले पाहिजेत, रोज करा," एवढंच सांगितलं. बाईंनी नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून फुंकलं. जन्मभर फुंकणीने चूल पेटवली होती, दुसरं काय करणार? चेंडू ढिम्म. रोज सकाळ-संध्याकाळ बाई फुंकत राहिल्या आणि चेंडू तळाशीच बसून राहिले.

शेवटी त्यांनी ते यंत्र फडताळात टाकलं आणि सुनेला, शिवानीला, बोलावून सांगितलं, "छाती संपली माझी. आता खानावळ तू बघ." शिवानी रडतच माझ्याकडे आली. अख्ख्या गावाला धाकात ठेवणारी बाई हार मानून खाटेवर बसलेली मला बघवेना. राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

त्याच सुमारास आमच्या आरोग्य केंद्रात करोनातून उठलेल्यांसाठी दर गुरुवारी व्यायामाचा वर्ग सुरू झाला. फिजिओथेरपिस्ट प्राप्ती रेवदंड्याहून यायची. शिवानीने आणि मी बाईंना जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं.

"यंत्र कसं वापरता ते दाखवा बघू," प्राप्ती म्हणाली. बाईंनी फुंकलं.

"मावशी, फुंकायचं नाही हे. नळीने सरबत पितो तसं आत ओढायचं."

बाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं आणि ओढलं. पहिला चेंडू टुणकन वर गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र "मेल्यांनी नीट सांगितलं का न्हाय मला?" म्हणत दवाखान्यातल्या सगळ्यांचा दम लागेपर्यंत उद्धार केला.

मग बाई कामालाच लागल्या. खुर्चीवरून उठबस, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, सुरूच्या बनातून थांबत थांबत चालणं. शिवानी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून आकडा बघायची. दिवाळीच्या आधी बाई एकट्या समुद्रावर जाऊन आल्या, वाटेत दोघांशी भांडूनसुद्धा. भांडायला दम पुरला म्हणजे बाई बरी झाली, हे माझं निदान.

सुट्टीत पर्यटक येणार म्हणून त्यांनी चूल सारवली आणि गुरुवारी प्राप्तीला कौतुकाने ते सांगितलं. प्राप्तीचा चेहरा उतरला.

"मावशी, धूर नाही चालायचा. आता नाही आणि पुढेही नको. तुमची फुप्फुसं अजून सावरतायत."

"अगो, पन लोक चुलीसाठीच येतात. गॅसवरची भाकरी खायाला काशीदला कोन येल?"

 

घरी आल्याआल्या शिवानीने ओढणी खोचली आणि चुलीपाशी बसली. "आई, तुम्ही फक्त पीठ मळा. चुलीशी मी बसते. माझ्या छातीला काय झालंय?" लाकडं ओलसर होती. ती वाकून फुंकणीने फुंकायची, खोकायची, डोळे पुसायची आणि पुन्हा फुंकायची. खरं सांगते, मलाही हा तोडगा बरा वाटला.

बाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. मग आत गेल्या, कळशी घेऊन आल्या आणि सगळं पाणी चुलीत ओतलं.

"आई! आता गिऱ्हाईकाचं काय?"

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. ऊठ." बाई तिच्याजवळ बसल्या. "तुझ्याएवढी होते तवापासून खोकतेय मी, बाय. करोना तर काल आला. इतकी वर्षं कुनी मला इचारलं न्हाय."

शिवानी उठली. त्या सुट्टीत दोघींनी गॅसवर भाकऱ्या केल्या. काही गिऱ्हाईकं कुरकुरली आणि आणखी एक भाकरी मागून घेऊन जेवली.