श्री. भाऊजी, ऊर्जानगर

माणसावर विश्वास ठेवावा, यंत्रावरही ठेवावा, पण माणूस यंत्राबद्दल जे सांगतो त्यावर मात्र कधीही ठेवू नये, या एका तत्त्वावर माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी सगळा जन्म काढला. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात त्यांची नोकरी तारांची. कंट्रोल रूममधल्या शेकडो तारा कुठून येतात आणि कुठे जातात हे बघण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि तिथे दर शिफ्टला कोणीतरी येऊन छातीवर हात ठेवून सांगायचं, "साहेब, मी कशालेच हात नाई लावला." हात कोणीतरी लावलेलाच असायचा. त्यामुळे भाऊजींना एखाद्याने नुसतं "आज बाहेर ऊन आहे" म्हटलं तरी ते खिडकीतून डोकावून खात्री करून घेत. माझी बहीण म्हणायची, "घरातलं मीठ संपलं म्हटलं तं याइले आधी डबा तपासाचा असते, मंग झाकण, मंग मी."

मी त्या वेळी एटापल्लीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. दोन हजार सालानंतर लवकरच आमच्याकडे कॉम्प्युटर आले. मुख्य कॉम्प्युटर साहेबांच्या खोलीत, बाकीचे हॉलमध्ये आमच्या टेबलांवर, आणि सगळ्यांच्या तारा एका छोट्या डबीत येऊन मिळायच्या. त्या डबीला हब म्हणतात आणि तिचे हिरवे दिवे लुकलुकले की सगळं ठीक आहे, एवढं ज्ञान देऊन नागपूरचा मेकॅनिक निघून गेला. नंतर फोन केला की तो "येतो" म्हणायचा आणि पंधरवड्याने यायचा. जंगलातल्या तालुक्याला कोण धावत येणार? धावत यायचे ते भाऊजी. खरं तर ते बहिणीने दिलेलं लोणचं पोचवायला आणि माझं एकट्याचं कसं चाललंय ते बघायला सुट्टी काढून यायचे. पण एकदा कचेरीत डोकावले, बंद पडलेला एक कॉम्प्युटर त्यांना दिसला, आणि मग लोणचं हे निमित्तच उरलं.

कचेरीत पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांची भाषा सुधारायला घेतली. "नेटवर्क गेलं" हे शब्द त्यांना सहन होत नसत. "गेलं म्हंजे कुठी गेलं? आल्लापल्लीले गेलं का? तुम्हाले काय दिसून राह्यलं ते सांगा." मग बिचारा कारकून सांगायचा की फाईल उघडत नाही. "तुमचीच का सगळ्याइची? काल उघडत होती का? कालपासून काय बदललं?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे एकच असतं: काहीच नाही. ते ऐकलं की भाऊजी समाधानाने मान हलवायचे, चपला उंबऱ्याबाहेर काढायचे, नळावर हात धुवायचे, आणि देवघरात शिरावं तसे टेबलाखाली शिरायचे. तारेचं टोक हबमधून काढून पुन्हा बसवताना 'टिक' असा बारीक आवाज येतो. तो आला नाही तर ते कान जवळ नेऊन पुन्हा बसवत. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला सिग्नल पाठवून उत्तर येतं का ते बघायची जी रीत असते, तिला ते हाक मारणं म्हणत. "हाक मारली तं ओ देते, म्हंजे तार चांगली हाय. आता मानूस पाहू."

माणसं पाहण्याचा एक प्रसंग तर कचेरीत गाजला. आमचे टायपिस्ट शेखबाबू आणि आस्थापनेच्या बाई शेजारी बसत. डबे एकत्र उघडत, बाईंच्या घरची मोहाची भाकर आणि शेखबाबूंच्या घरचा शिरखुर्मा यांची नियमित देवाणघेवाण असे. अचानक असं होऊ लागलं की शेखबाबूंचा कॉम्प्युटर सुरू झाला की बाईंचा तुटायचा, आणि बाईंचा जोडला की शेखबाबू टेबलावर हात आपटायचे. दोघांनाही वाटलं, समोरचा मुद्दाम करतोय. बोलणं थांबलं, डबे वेगळे झाले, आणि बाईंनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. भाऊजी आले, दोन्ही पडद्यांकडे पाहून म्हणाले, "भांडन तुमचं नाई, नंबराचं हाय. दोघाइच्या कॉम्प्युटरले एकच नंबर देऊन ठेवला कोनीतरी. एका घरचं पत्र दोन दारांत जाईन तं काय होईन?" त्यांनी एकाचा नंबर बदलला. कॉम्प्युटर लगेच जुळले. डबे जुळायला आणखी थोडे दिवस लागले.

मी त्यांना भाऊजी म्हणायचो म्हणून शेखबाबूही म्हणू लागले, मग बाई, मग शिपाई. आमचे साहेब साताऱ्याकडचे होते. त्यांना ते आडनाव वाटलं. एकदा त्यांनी मनापासून आभाराचं पत्र टाईप करवून घेतलं आणि वर पत्ता घातला, 'श्री. भाऊजी, ऊर्जानगर'. दुरुस्त करायची हिंमत कोणाला झाली नाही. बहिणीने ते पत्र वाचून पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आता सगळ्या कचेरीचीच मी बहीन का?"

पण भाऊजींचा एक हट्ट होता आणि तो आम्हाला जड जायचा. बिघाड सापडल्याशिवाय ते इलाज करत नसत. "एकदा बंद करून चालू करून बघू का?" असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा व्हायचा. "ताप काऊन आला ते न पाहता गोयी देनं म्हंजे..." हे वाक्य ते कधीच पुरं करत नसत. चालवून दाखवणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

ते दाखल्यांचे दिवस होते. शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आमच्या व्हरांड्यात आतल्या गावांची माणसं सकाळपासून येऊन बसायची. भाऊजी आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे मुक्कामाला आले होते. सकाळी कचेरी उघडली तर मुख्य कॉम्प्युटर कोणाच्याच हाकेला ओ देईना. दाखल्यांची सगळी माहिती साहेबांच्या खोलीत, प्रिंटर हॉलमध्ये, आणि मधे मुकी तार. प्रिंटर उचलून आत नेला तर मुख्य कॉम्प्युटर त्याला ओळखेना, आणि ओळख करून देणारी सीडी नागपूरच्या मेकॅनिककडे. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगता आलं. एक मुलगी आणि तिचे वडील मात्र बसून राहिले. तिला गडचिरोलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता आणि उद्याची तारीख शेवटची होती.

भाऊजींनी सगळ्यांना विचारलं, "कालपासून काय बदललं?" आम्ही म्हणालो, काहीच नाही. साहेबही म्हणाले, "काहीच नाही हो भाऊजी." मग भाऊजी तारेमागे लागले. हब तपासला, टोकं कापून नवी लावली, टेबलं सरकवली, छताशी जाऊन उंदराने कुरतडलंय का पाहिलं. दुपार कलली. साहेबांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या नव्या घड्याळाकडे आम्ही सगळे सारखे बघत होतो, कारण गडचिरोलीची शेवटची गाडी जवळ येत होती. शेवटी मी चिडलो. "भाऊजी, शोधनं राहू द्या आता. कसंही करून चालू करा."

"कसंही म्हंजे कसं?" ते शिडीवरून म्हणाले. "बिघाड लपवाचा नसते बाबू."

ते उतरले आणि पाणी प्यायला व्हरांड्यात गेले. मी खिडकीतून बघत होतो. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, वडील उकिडवे बसून गाडीच्या रस्त्याकडे बघत होते. त्यांना मराठी फारशी येत नव्हती.

"कशी आली बाई इथपरेंत?" भाऊजींनी विचारलं.

"पायी आलो नदीपरेंत. मंग जीप भेटली."

"गाडी चुकली तं?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं सापडू द्या सर. तुम्ही सकाळपासून जेवले बी नाई. आम्ही थांबतो."

ती रडली असती किंवा वडिलांनी हात जोडले असते, तर भाऊजी कदाचित पुन्हा शिडी चढले असते. त्या "थांबतो"ने त्यांचं काय झालं कोण जाणे. पाण्याचा ग्लास अर्धाच ठेवून ते आत आले, शेखबाबूंच्या कॉम्प्युटरची तार उपटली आणि मुख्य कॉम्प्युटरला लावली. ती हबपर्यंत पुरेना. मग त्यांनी हबच भिंतीवरून काढला, शिपायाच्या स्टुलावर ठेवला आणि स्टूल साहेबांच्या दाराच्या उंबऱ्यात आणून मांडलं. तारा गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणल्या गेल्या. साहेब स्वतः दार धरून उभे राहिले. हिरवा दिवा लागला, आणि प्रिंटरने करकर करत दाखला बाहेर टाकला. साहेबांनी सही केली, शिक्का बसला. आम्ही सगळे तारा ओलांडून बाहेर आलो. गाडी सुटता सुटता बाप-लेक चढले. मुलीने खिडकीतून हात केला तो बहुधा आम्हा सगळ्यांना होता.

आम्ही खूश होतो, भाऊजी नव्हते. "चालू झालं," ते म्हणाले, "दुरुस्त नाई झालं." दुसऱ्या दिवशी त्यांना परत जायचं होतं, ते राहिले. भिंतीवरची लाकडी पट्टी जिच्यामधून तार जात होती, ती त्यांनी शांतपणे उकलत नेली, आणि घड्याळाशी येऊन थांबले. साहेबांचं ते घड्याळ शिपायाने दोन दिवसांपूर्वी कचेरी बंद होता होता टांगलं होतं, आणि खिळा पट्टीतून थेट तारेत गेला होता. साहेबांचे कान लाल झाले. भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी तार बदलली, खिळा वीतभर बाजूला ठोकून घेतला, घड्याळ परत टांगलं, मागे सरकून पाहिलं आणि म्हणाले, "घड्याय चांगलं हाय."

पुढे माझी बदली झाली आणि ते निवृत्त झाले. मुलगा पुण्याला, त्यामुळे क्वार्टर रिकामं करून तिकडेच जायचं ठरलं. सामान बांधायला मी ऊर्जानगरला गेलो होतो. ट्रक यायचा होता. बहीण आत दोऱ्या आवळत होती आणि भाऊजी पांढराशुभ्र शर्ट घालून रस्त्याच्या कडेला उभे होते. शिफ्टची वेळ झाली तशी वीज केंद्राची बस आली. ड्रायव्हरने त्यांना पाहिलं, सवयीने गाडी थांबवली आणि दार उघडलं. आतली ओळखीची माणसं सरकून जागा करू लागली. भाऊजींनी दांड्याला हात घातला, एक पाय उचललाही. मग तसेच थांबले, पाय खाली घेतला, आणि दाराचा पत्रा हलकेच थोपटून म्हणाले, "जा गा. मले उशीर होईन."