आठ दिवस आधी घातलेली घडी

दुसऱ्यांच्या चुकांची कारणे शोधणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रसायन कारखान्यात मी सुरक्षा विभाग सांभाळत असे. कुठे झडप गळाली, कुठे कोणाचे बोट चेमटले, की त्या माणसाला समोर बसवून मी अत्यंत मृदू आवाजात पाच वेळा ‘का?’ असे विचारी. झडप का गळाली? गॅस्केट झिजले होते. का झिजले? बदलले नव्हते. का बदलले नव्हते? पाचव्या ‘का’पर्यंत माणूस बहुधा रडकुंडीला येई आणि खरे कारण बाहेर पडे. पहिल्या उत्तरावर थांबणे हा आळस आहे, असे मी नव्या इंजिनिअरांना शिकवीत असे. माझा आवाज हळू असल्यामुळे त्यांना ते शहाणपण वाटे.

पन्नाशी ओलांडल्यावर मला रॉकेटचा छंद लागला. दिवाळीतल्या रॉकेटचा नव्हे. माणसाच्या उंचीचे, जाड पुठ्ठ्याच्या नळीचे, फायबरग्लासचे पंख लावलेले, हजारभर मीटर चढून पॅराशूटने खाली येणारे रॉकेट. सिंगापुरात ते उडवायला जागा नाही. आमच्या टॅम्पिनीसच्या डोक्यावरचे आकाश तर विमानतळाच्याच मालकीचे. म्हणून ते फ्लॅटमध्ये बांधायचे, सुटे करून ऑस्ट्रेलियाला न्यायचे, इंधनाची नळकांडी, म्हणजे मोटर, तिथल्या क्लबाकडून घ्यायची आणि कापणी झालेल्या एका गव्हाच्या शेतात उडवायचे. पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र हवे तर परीक्षकासमोर रॉकेट वर गेले पाहिजे, पॅराशूट उघडले पाहिजे आणि ते न मोडता परत आले पाहिजे. नियम एवढाच होता. तो मला अपुरा वाटला, म्हणून मी एक एक्सेल शीट केली.

शीटमध्ये ध्येय, मुदत, स्थिती, अडथळा आणि कारण असे रकाने होते. स्थितीचा चौकोन लाल, पिवळा किंवा हिरवा. ‘नळी कापणे’ हे ध्येय होते, ‘पंख चिकटवणे’ हे ध्येय होते, आणि एका अशक्त क्षणी मी ‘सँडपेपर आणणे’ यालाही ध्येयाचा दर्जा दिला, कारण तो चौकोन त्याच संध्याकाळी हिरवा करता येणार होता. इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची एक बॉम्बशेल्टरची खोली असते आणि सगळे तिचे कोठीघर करतात; रॉकेट तिथे, बासमतीच्या पोत्याला टेकून उभे असे. एकदा मी कॉरिडॉरमध्ये पंख घासत असताना शेजारचे चिनी अंकल थबकले.

“मिसाइल आह?”

“नो अंकल, हॉबी.”

“ओके लाह. माझ्या फ्लॅटकडे तोंड नको.”

पॅराशूट माझ्या पत्नीने शिवले. आमच्या पाच मराठी कुटुंबांच्या गोतावळ्यात बायकांचे ब्लाउज तीच शिवत असे. लग्नानंतर पुण्याहून आणलेले तिचे मशीन आमच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये खिडकीची जागा घेऊन बसे. मी नारिंगी नायलॉन आणि चार पानी आराखडा तिच्या हाती दिला. तिने पहिले पान पाहिले आणि उरलेली तीन परत केली.

“आठ कळ्यांचा परकर आहे हा. उलटा.”

दोन दुपारींत तिने तो उलटा परकर शिवून, दोऱ्या टाकून, इस्त्री करून माझ्यापुढे ठेवला. शीटमध्ये मी त्यासाठी तीन आठवडे धरले होते. चौकोन इतका लवकर हिरवा झाला, याचे श्रेय मी माझ्या नियोजनाला दिले.

पुढचे ध्येय होते ‘पॅराशूटची घडी घालून नळीत बसवणे’. मुदत, निघण्याच्या आदल्या रविवारची. म्हणजे उड्डाणाच्या आठ दिवस आधीची.

“अहो, आत्तापासून कशाला कोंबताय?” ती म्हणाली. “पैठणीसुद्धा घडीवर चिरते. कापडाला घडीची सवय लागते.”

“मुदत आजची आहे.”

“कोणी ठरवली मुदत?”

“मी.”

मी घडी घट्ट घातली, नळीत दाबली, चौकोन हिरवा केला आणि समाधानाने जेवलो.

ऑस्ट्रेलियाला मी एकटाच गेलो. रॉकेट सरळ वर गेले. तेवढे मी अजूनही सांगतो. शिखरावर रॉकेटचे टोक, म्हणजे नाक, सुटले, नारिंगी गाठोडे बाहेर पडले आणि गाठोडेच राहिले, मिटलेल्या छत्रीसारखे. अगदी खाली आल्यावर ते अर्धवट उघडले, जोराचा हिसका बसला, दोन दोऱ्या सुटल्या आणि रॉकेट डोक्यावर शेतात रुतले. परीक्षक म्हणजे अर्ध्या चड्डीतले एक निवृत्त इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी पॅराशूट हातात घेऊन पत्र्यासारख्या कडक झालेल्या घड्यांवरून अंगठा फिरवला.

“घडी कधी घातली होतीस?”

“आज सकाळी,” मी म्हणालो.

त्यांनी घड्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि फॉर्मवर ‘नापास’ लिहून मला थंड पाण्याची बाटली दिली. त्या सद्गृहस्थांनी मला पाच ‘का’ विचारले असते तर बरे झाले असते.

परतीच्या विमानात मी शीट उघडली. अडथळा: पॅराशूट वेळेत उघडले नाही. कारण: शिवण उसवली. एकच ‘का’, एकच उत्तर. शेजारी मी एक नवे ध्येय जोडले, ‘कारणमीमांसा पूर्ण करणे’, आणि त्याचा चौकोन तिथल्या तिथे हिरवा केला.

आमच्या गोतावळ्याची एक चाल होती. दिवाळीच्या फराळाआधी पुरुष मंडळी वर्षभराच्या वैयक्तिक ध्येयांचा आढावा स्लाइड्सवर सादर करीत. एकाने किलो घटवलेले असत, एकाने किलोमीटर वाढवलेले असत. आढावा संपेपर्यंत चकलीला हात लावायचा नाही, हा नियम. त्या वर्षी तांजोंग पगारच्या बँकेत काम करणाऱ्या आमच्या एका मित्राने आपल्या रोजच्या पावलांचा आलेख दाखवला. त्यानंतर माझी पाळी आली. मी ‘कारण’ या शीर्षकाखाली फाटलेल्या कापडाचा मोठा केलेला फोटो लावला होता आणि त्यावर लाल, ठळक, अर्धा पडदा व्यापणाऱ्या अक्षरांत एकच शब्द: शिवण.

“वहिनी,” बँकवाले ओरडले, “आमच्या हिच्या ब्लाउजची टीप तेवढी बघून घ्या हं! ऐन लग्नात उसवायची!”

सगळे हसले. मीही हसलो. हे दोन शब्दांचे वाक्य लिहायला मला आज सकाळचा सगळा वेळ लागला.

ती बशा मांडत होती. “चकल्या घ्या,” ती म्हणाली, “मऊ पडतील.”

दुसऱ्या दिवशी मशीनवर झाकण चढले. शिवायला आलेले दोन ब्लाउजपीस तिने न कापता परत केले. डोळे दुखतात, असे कारण सांगितले. महिनाभर मी हे पाहिले, आणि खेदाने सांगतो की पाहिले ते एवढेच, की शीटमधला ‘नवे पॅराशूट’ हा चौकोन लाल राहिला आहे.

“नवं कधी शिवशील?” शेवटी मी विचारले.

“विकत मिळतं ना? घ्या.”

“पण तू—”

“माझी शिवण उसवते.”

मग तिने कपाटातून जुने पॅराशूट काढून जेवणाच्या टेबलावर पसरले. “ही टीप बघा. दोरा तुटलाय कुठे?”

मी चष्मा लावला. दोरा कुठेच तुटला नव्हता. कापड फाटले होते, टिपेच्या शेजारून. टीप कापडाहून टिकली होती. फोटो मोठा मीच केला होता, पण तो पाहिला मात्र नव्हता.

“का फाटलं?” तिने विचारले. वीस वर्षे माझ्या कारखान्याच्या गोष्टी ऐकत तिने पोळ्या वाढल्या होत्या.

“हिसका बसला.”

“का बसला?”

“उशिरा उघडलं.”

“का?”

“घडी बसली होती.”

“का?”

“आठ दिवस तशीच होती.”

“का?”

पाचव्या ‘का’ला माणूस रडकुंडीला येतो हे मला माहीत होते. तो माणूस किती वेळ टेबलाच्या कडेकडे पाहत बसतो, हे माहीत नव्हते. “चौकोन हिरवा करायचा होता,” मी म्हणालो. आणि मग न विचारता परीक्षकांना काय सांगितले होते, तेही सांगितले.

“मला सांगून काय उपयोग? घडीचं मी आधीच म्हटलं होतं. ज्यांना स्लाइड दाखवलीत त्यांना दाखवा.”

परीक्षकांना मी त्याच संध्याकाळी ईमेल लिहिली. ‘घडीवरून कळलंच होतं. पुन्हा ये,’ असे त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले. गोतावळ्याची गाठ मात्र थेट गुढीपाडव्याला पडणार होती. पाडव्याला आढाव्याची चाल नव्हती. श्रीखंड समोर असताना मी लॅपटॉप जोडला तेव्हा सर्वांच्या चेहऱ्यावर दुखवट्याची छटा आली. मी उभा राहून वाचले: ‘दुरुस्ती. शिवण शाबूत होती. घडी मी आठ दिवस आधी घातली. पत्नीने नको म्हटले असताना घातली. परीक्षकांशी खोटे बोललो.’

“बरं,” बँकवाले म्हणाले, “आता वाढायचं ना?”

“थांबा,” मागून माझी पत्नी म्हणाली. “अहो, दिवाळीला ‘शिवण’ केवढ्या अक्षरांत होतं?”

अक्षर मी बारीक ठेवले होते. ते हेतुपुरस्सर होते की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. सर्वांसमक्ष मी ते वाढवीत गेलो. आधी शेवटची ओळ पडद्याबाहेर गेली, मग तिच्या वरची, आणि अखेर एवढेच उरले: शिवण शाबूत होती.

“पुरे,” ती म्हणाली.

“म्हणजे मग आमच्या हिचे ब्लाउज—” बँकवाल्यांनी सुरुवात केली.

“तुम्ही गप्प बसा हो,” त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. “वहिनी, सोमवारी येऊ का माप द्यायला?”

“पुढच्या सोमवारी ये. आधी एक उलटा परकर व्हायचाय.” ती श्रीखंडाचे भांडे उचलून वाढायला लागली आणि माझ्या वाटीशी आल्यावर थांबली. “घडी मी घालीन,” ती म्हणाली. “तिथे येऊन. उडवायच्या सकाळी.”